खंडणी की भाडं? ‘गोल्डन व्हेंचर’ आणि पिंगताईचं प्रकरण

रॉकअवे हा न्यूयॉर्क शहराचा समुद्रात लांबवर गेलेला एक चिंचोळा पट्टा. 6 जून 1993 च्या पहाटे, दोन वाजायच्या सुमाराला, तिथे गस्तीवर असलेल्या पार्क पोलिसांना समुद्राच्या बाजूने माणसांचा आक्रोश ऐकू आला. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर एक गंजकं मालवाहू जहाज वाळूत रुतून बसलं होतं आणि त्याच्या कठड्यावरून माणसं काळोखात उड्या टाकत होती. पाणी बारा अंशांच्या आसपास, लाटा उंच. ज्यांना पोहता येत नव्हतं तेही उड्या टाकत होते. अमेरिकेच्या जमिनीला पाय लागला की सुटलो, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

जहाजाचं नाव ‘गोल्डन व्हेंचर’. लांबी जेमतेम दीडशे फूट, आणि माल ठेवायच्या तळघरात 286 माणसं. त्या रात्री दहा जण दगावले.

हे जहाज फेब्रुवारीत थायलंडहून निघालं होतं. केनियातल्या मोंबासा बंदरात ‘नज्द 2’ नावाचं दुसरं एक जहाज 1992 पासून बिघडून पडलं होतं. त्यावरचे अडकलेले सुमारे दोनशे प्रवासी याने उचलले, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घातला आणि अटलांटिक ओलांडला. सगळे मिळून चार महिने. इतक्या माणसांत एक शौचालय, खायला मुख्यतः भात आणि शेंगदाणे.

जवळजवळ सगळे प्रवासी चीनच्या फुजियान प्रांतातले, त्यातही फूचौ शहराच्या आसपासच्या खेड्यांतले. प्रत्येकाचा भाव ठरला होता तीस हजार डॉलरच्या घरात. ज्या गावात वर्षाकाठी काहीशे डॉलरसुद्धा हाती लागत नसत, तिथल्या माणसाने हा आकडा कबूल केला होता. पावती नाही, करार नाही, कोर्टात जायची सोय नाही. पैसे घेणाऱ्याने बुडवलं तर दाद मागायला कुणी नाही, आणि पैसे देणाऱ्याने बुडवलं तर घेणाऱ्यालाही नाही. तरीही वर्षानुवर्षं हजारो माणसं अशी निघत राहिली, आणि बहुतेकांनी पैसे चुकते केले. या प्रकरणाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो तो या एका प्रश्नापायी: हा भरवसा कुठून आला, आणि तपास करणाऱ्यांना तो इतकी वर्षं का दिसला नाही?

दोन-चार तालुक्यांची गोष्ट

सुरुवातीलाच एक गोष्ट बाजूला काढून ठेवतो. ‘चिनी संस्कृती’ हा शब्द इथे फार मोठा पडतो. हे प्रकरण सगळ्या चीनचं नाही, मिन नदीच्या मुखाजवळच्या मोजक्या भागांचं आहे: छांगल, लियेनजियांग, थिंगजियांग, मावेई. सिंधुदुर्गातल्या दोन तालुक्यांत जे घडलं ते ‘भारतीय संस्कृतीमुळे’ घडलं असं कुणी म्हणालं तर आपण त्याला थांबवूच. इथेही तेच करायला हवं. फूचौची बोली कँटन भागातल्या माणसाला कळत नाही. न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये आधीपासून स्थिरावलेले लोक मुख्यतः कँटनकडचे, आणि 1980 नंतर आलेल्या या फूचौकरांकडे ते परक्याच नजरेने बघत. त्यांनी एक नावही पाडलं होतं, ‘अठरा-हजारी पाहुणे’, कारण त्या वेळी अमेरिकेत पोचवायचा भाव अठरा हजार डॉलर होता.

माणसं पोचवणाऱ्याला चिनी भाषेत ‘शतोउ’ म्हणतात, शब्दशः ‘सापाचं डोकं’. डोकं कुंपणाच्या फटीतून शिरलं की मागचं शरीर आपोआप सरपटत येतं, अशी कल्पना. या धंद्यात सगळ्यात मोठं नाव एका बाईचं होतं. चेंग चुइ पिंग, जन्म 1949, गाव शेंगमेई, मावेईच्या हद्दीत. वडील बोटीवर खलाशी होते. ते अमेरिकेच्या बंदरात उतरून तिथेच राहिले, दहा वर्षांहून जास्त काळ राबले आणि 1977 मध्ये पकडून परत पाठवले गेले. पिंग 1974 मध्ये हाँगकाँगला गेली आणि 1981 मध्ये न्यूयॉर्कला पोचली.

चायनाटाउनमध्ये तिला ‘पिंग जिए’ म्हणत. जिए म्हणजे थोरली बहीण. मराठीत सांगायचं तर पिंगताई. मी पुढे हाच शब्द वापरणार आहे. त्यात कौतुक अजिबात नाही. दहा मृतदेह किनाऱ्यावर लागल्यानंतर कौतुकाला जागा उरत नाही. पण ती ‘ताई’ होती हे धरल्याशिवाय प्रकरण उलगडतच नाही. बॉस, डॉन, मालक यांपैकी कुणावर माणूस तीस हजार डॉलर आणि पोटच्या पोराचा जीव आंधळेपणाने सोपवत नाही. ताईवर सोपवतो.

हेस्टर स्ट्रीटवरचं गल्ल्याचं टेबल

पिंगताईचं हेस्टर स्ट्रीटवर छोटं दुकान होतं. कपडे आणि किरकोळ सामान. पुढे ईस्ट ब्रॉडवेवर 47 नंबरला तिचं हॉटेल आणि दुकान झालं. समोरच बँक ऑफ चायनाची शाखा होती, आणि या प्रकरणातला मला सगळ्यात बोलका वाटणारा तपशील तोच आहे. एखादा फूचौकर पोरगा आठवड्याचे सहा दिवस, रोज बारा तास कुठल्याशा हॉटेलच्या मोरीत भांडी घासतो. महिन्याच्या शेवटी त्याला आईला पैसे पाठवायचे असतात. बँकेत गेलं तर फॉर्म भरा, इंग्रजी नाहीतर मँडरिन बोला, सरकारी दराने युआन घ्या आणि पैसे पोचायला आठवड्यांमागून आठवडे वाट बघा. रस्त्याच्या या बाजूला पिंगताईच्या दुकानात गेलं तर आपल्या बोलीत बोला, गल्ल्यावर रोख डॉलर ठेवा, आईचं नाव आणि गाव सांगा. गावाकडे फोन जाई आणि थोड्याच दिवसांत तिथला माणूस आईच्या हातात डॉलरच आणून देई. तिचं कमिशन बँकेपेक्षा कमी होतं.

चिनी भाषेत या व्यवहाराला फार जुना शब्द आहे, ‘फेइछ्येन’, उडता पैसा. आपल्याकडची हुंडी किंवा मुंबईच्या झवेरी बाजारातला आंगडिया ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं समजवायला नको. पैसा हलतच नाही, शब्द हलतो. आणि शब्द हलतो याचा अर्थ दोन्ही टोकांना असा माणूस बसलेला असतो, ज्याला शब्द मोडणं परवडत नाही.

आता या टेबलावर एकाच घराचे किती व्यवहार होतात ते बघा. पिंगताई पोराला अमेरिकेत आणते. त्याचे पैसे त्याचे काका-मामा तिच्याकडेच भरतात. पोरगा कमवायला लागला की आईला पैसे तिच्याकडूनच पाठवतो. दोन वर्षांनी त्याच्या धाकट्या भावाला आणायचं ठरलं की तिच्याकडेच येतो. प्रत्येक फेरीत तिला त्या घराची ऐपत, भांडणं, आजारपणं, नाती सगळी कळत जातात. हप्ता थकला तर का थकला हे विचारावंही लागत नाही. आणि त्या घरालाही ठाऊक असतं की तिचं शेंगमेईतलं घर, तिचे सासू-सासरे, तिच्या नावाची गावातली पत हे सगळं आपल्या नजरेसमोर आहे. दोघांनी एकमेकांची मान धरलेली असते, पण ती हळूच, मायेने धरल्यासारखी.

याला चिनी लोक ‘ग्वानशी’ म्हणतात. मराठीत आपण ‘ओळख’ किंवा ‘वशिला’ म्हणून मोकळे होतो, पण ग्वानशीत त्याहून बरंच काही आहे. तिच्यात देण्याघेण्याची न लिहिलेली वही असते आणि ती वही बापाकडून मुलाकडे जाते. समाजशास्त्रज्ञ फेइ शियाओथोंग यांनी यासाठी पाण्यात टाकलेल्या खड्याची उपमा दिली होती: मधोमध मी, भोवती घर, मग भावकी, मग गाव. जितकं वर्तुळ दूर, तितकं कर्तव्य पातळ. पिंगताईचा धंदा आतल्या वर्तुळात उभा राहिला, आणि तो बाहेरच्या वर्तुळात पसरला तेव्हाच कोसळला. पुढचं सगळं प्रकरण या एका वाक्यात मावतं असं मला वाटतं, पण तपशील बघू.

एकाच खोलीला दोन शब्द

प्रवासी न्यूयॉर्कला पोचला की त्याला एखाद्या तळघरात किंवा भाड्याच्या खोलीत ठेवत. थोडी रक्कम निघताना दिलेली असे, उरलेली पोचल्यावर. नातेवाइकांना फोन लावला जाई: माणूस आला आहे, पैसे भरा. दोन-तीन दिवसांची मुदत असे. नातेवाईक दहा जणांकडून दोन-दोन, तीन-तीन हजार गोळा करून रक्कम उभी करत आणि माणूस सुटे. पुढची तीन-चार वर्षं तो त्या दहा जणांचं कर्ज फेडत राही.

अमेरिकन कायद्याच्या नजरेने या खोलीत काय चाललं आहे? एका माणसाला डांबून ठेवलं आहे आणि त्याला सोडण्यासाठी पैसे मागितले जात आहेत. म्हणजे अपहरण आणि खंडणी. त्या माणसाच्या आणि त्याच्या काकाच्या नजरेने काय चाललं आहे? ठरलेलं भाडं द्यायचं बाकी आहे. प्रवास झाला, माणूस जिवंत पोचला, आता देणं द्यायला हवं.

तपास इतकी वर्षं अडला तो नेमका इथे. पोलीस खोलीचं दार तोडून आत जात, ‘ओलिसांना’ सोडवत, आणि ओलीस एक अक्षर बोलत नसत. या गप्प बसण्याला इंग्रजी वर्तमानपत्रांनी ‘चायनाटाउनचं मौन’ असं गूढ नाव दिलं. जणू काही या लोकांच्या रक्तातच न बोलणं आहे. मला ही मांडणी चुकीचीच नाही, तर अन्यायकारकही वाटते. त्या पोराच्या जागी बसून बघा. तो बोलला तर त्याला स्वतःला हद्दपार करतील. तो बोलला तरी कर्ज उरतंच, कारण ते काकाने शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून घेतलेलं आहे. गावात ज्याने त्याचं नाव शतोउला सुचवलं तो बहुतेक वेळा त्याचा मावसभाऊ किंवा शाळेतला मित्र, त्याला तोंड कसं दाखवायचं? आणि ज्या पोलिसापाशी बोलायचं त्याला आपली बोली येत नाही. त्याने आणलेला दुभाषी कँटोनीज बोलतो आणि आपल्याला ‘खेडवळ’ समजतो. एवढी कारणं समोर असताना मौनाचं खापर संस्कृतीवर फोडायची गरज उरत नाही.

संस्कृतीचा भाग आहे तो कर्जाच्या नीतीत. रटगर्स विद्यापीठातले अभ्यासक को-लिन चिन यांनी 1993 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशा चोरवाटेने आलेल्या 300 चिनी लोकांच्या मुलाखती घेतल्या. सरासरी भाव निघाला 28 हजार डॉलरच्या जवळ. शतोउ त्यांच्या लेखी गुन्हेगारापेक्षा सेवा देणारा जास्त होता. ज्याने वाटेत हाल केले त्याच्याविषयी राग होता, पण धंद्याविषयी नव्हता. पिंगताईची ख्याती याच हिशेबात बसते. वाट फसली तर पुन्हा पैसे न घेता पाठवते, गरज पडली तर स्वतः उसने देते, अशी तिची कीर्ती गावोगाव होती. या धंद्यात कीर्ती हेच भांडवल होतं, आणि ‘म्येनत्स’, म्हणजे चारचौघांतलं तोंड, हेच तारण.

पण या नात्याची काळी बाजू झाकायची नाही. पैसे वेळेवर आले नाहीत तर त्या खोलीत मारहाण होई आणि फोनवर नातेवाइकाला किंकाळ्या ऐकवत. ‘भाडं’ हा शब्द तोंडात असला तरी ते वसूल करायला हातात सळई लागत होती. नात्याने जे वसूल होत नाही ते वसूल करायला ठेवलेली माणसं गावची नव्हती, टोळीची होती.

आ के

ग्वो लियांगची, टोळीतलं नाव आ के. फूचौकडचाच. न्यूयॉर्कच्या ‘फुक चिंग’ टोळीचा म्होरक्या. दुकानदारांकडून हप्ते घेणं, दरोडे, अपहरणं, खून. 1980 च्या दशकात त्याच्या पोरांनी खुद्द पिंगताईच्या घरावर दरोडा घातला होता, तोही दोनदा. तिच्या घरात रोकड असते हे सगळ्या फूचौला माहीत, आणि ती पोलिसांत जाणार नाही हेही माहीत.

काही वर्षांनी धंदा बदलला. विमानाने, खोट्या कागदांवर, पाच-दहा माणसं आणायचे दिवस गेले. 1986 मध्ये अमेरिकेने जुन्या बेकायदा स्थलांतरितांना कागद दिले. 1989 मध्ये थ्येनआनमेनचं हत्याकांड झालं आणि पाठोपाठ चिनी नागरिकांना आश्रयाची सवलत मिळू लागली. मागणी एकदम फुगली. आता जहाजं भरभरून माणसं यायला लागली. जहाज बंदरात नेता येत नाही, म्हणून खोल समुद्रात छोट्या मासेमारी बोटी नेऊन माणसं उतरवावी लागतात. त्यासाठी हत्यारबंद पोरं हवीत, बोटी हव्यात, खोल्या हव्यात. हे सगळं आ केकडे होतं. आणि पिंगताईने त्यालाच काम दिलं.

त्या भेटीची हकीकत पुढे कोर्टात आली. आ केने जुन्या दरोड्यांबद्दल माफी मागितली, आणि तिने झालं-गेलं बाजूला सारून धंद्याचं बोलणं सुरू केलं. बाहेरच्या माणसाला यात निर्ढावलेपण दिसेल. मला त्यात एक नेमका विधी दिसतो. माफी मागून त्याने तिला तोंड परत दिलं. तिने विषय बंद करून त्याला दिलं. कुठलाही पंच न बसवता वैराचं खातं मिटलं आणि नवं खातं उघडलं. पण हे खातं आतल्या वर्तुळातलं नव्हतं. आ केला तिच्या सासू-सासऱ्यांची, शेंगमेईतल्या तिच्या नावाची काहीच फिकीर नव्हती. तिला त्याच्याकडून भरवसा नको होता, दहशत हवी होती. माझ्या मते ‘गोल्डन व्हेंचर’ रॉकअवेच्या वाळूत रुतलं त्याची सुरुवात या भेटीत झाली.

1993 मध्ये टोळीतली फूट उघड्यावर आली. पैशाच्या वाटणीवरून आणि डावललं जाण्याच्या रागातून एक गट वेगळा झाला, आणि 24 मे रोजी त्याने न्यू जर्सीतल्या टीनेक गावात आ केच्या माणसांच्या लपायच्या घरात शिरून गोळ्या घातल्या. मेलेल्यांत आ केचे सख्खे भाऊ होते. शपथा घेतलेल्या बंधुत्वाच्या ज्या कथा अशा टोळ्यांबद्दल रंगवल्या जातात, त्या टीनेकमध्ये एका संध्याकाळी संपल्या. मारणारे आणि मरणारे दोघेही फूचौचे, दोघेही ‘भाऊ’. आ के त्या वेळी चीनमध्ये होता, मारेकरी लगेच पकडले गेले, टोळी उधळली. आणि अटलांटिकवर ‘गोल्डन व्हेंचर’ येऊन थांबलेलं. माणसं उतरवायला येणाऱ्या बोटी आल्याच नाहीत. जहाजावर बसवलेल्या शतोउंच्या माणसाने कप्तानाला बाजूला सारून जहाज ताब्यात घेतलं होतं. शेवटी ते सरळ किनाऱ्यावर घालायचं ठरलं.

पिंगताईचा या जहाजाशी संबंध काय? जहाज विकत घेण्यासाठी आ केचा पैसा तिच्याच उडत्या पैशाच्या वाटेने थायलंडला पोचला, आणि मोंबासाला अडकलेल्यांत तिची गिऱ्हाइकं होती. हेस्टर स्ट्रीटच्या टेबलावरून आईला पैसे पोचवणारी वाट आणि मरणाचं जहाज विकत घेणारी वाट एकच होती.

तपास कसा झाला

पिंगताई यंत्रणांना अनोळखी नव्हती. 1989 च्या जानेवारीत कॅनडाच्या हद्दीतून नायगारा नदी ओलांडताना माणसांनी भरलेला एक तराफा उलटला आणि चार जण बुडाले. या वाटेच्या तपासात ती आणि तिचा नवरा दोघंही अडकले. 1990 मध्ये तिने गुन्हा कबूल केला, तपासाला थोडी मदत करायचं मान्य केलं आणि चारच महिने तुरुंगात काढून परत दुकानात येऊन बसली. त्या काळी माणसं चोरून आणण्याच्या गुन्ह्याला शिक्षाच किरकोळ होती. अमली पदार्थांच्या मानाने पैसा तेवढाच, धोका नगण्य.

मोठी चूक मात्र समजुतीत होती. चिनी संघटित गुन्हेगारी म्हटलं की हाँगकाँगच्या ट्रायड टोळ्या, त्यांचे दर्जे, शपथा, एक सर्वोच्च प्रमुख, असा नकाशा डोक्यात तयार असे. इटालियन माफियाचा तक्ता समोर ठेवून त्यात चिनी नावं भरायची. हा तक्ता इथे लागूच नव्हता. को-लिन चिन आणि त्यांचे सहकारी शेल्डन झांग यांनी पुढे दाखवून दिलं की हा धंदा म्हणजे छोट्या-छोट्या, कामापुरत्या एकत्र येणाऱ्या जोड्यांची साखळी होती. गावात माणसं गोळा करणारा वेगळा, कागद करणारा वेगळा, जहाजवाला वेगळा, वसुलीवाला वेगळा. एकाला पकडलं तर त्याला फक्त आपल्या डाव्या-उजव्या हाताचा माणूस ठाऊक. वरून फांदी तोडून झाड पडत नव्हतं, कारण झाडच नव्हतं, ती वेल होती.

तपास पुढे सरकला तो पद लावणं सोडून नाती लावायला सुरुवात झाल्यावर. कोण कुणाच्या गावचा, कुणाने कुणाला आणलं, कुणाचे पैसे कुणाच्या हातून गेले. 1993 च्या ऑगस्टमध्ये आ के हाँगकाँगमध्ये सापडला, न्यूयॉर्कला आणला गेला आणि बोलू लागला. त्याचे भाऊ त्याच्याच टोळीतल्या लोकांनी मारले होते. आता कुणासाठी गप्प बसायचं? दुसरा माणूस वेंग यू हुई. याला 1980 च्या दशकात पिंगताईनेच अमेरिकेत आणलं होतं. पुढे तो स्वतः शतोउ झाला आणि ‘गोल्डन व्हेंचर’च्या व्यवहारात भागीदार होता. म्हणजे सरकारी पक्षाला तिच्या विरुद्ध जे भक्कम साक्षीदार मिळाले ते बाहेरून आलेले नव्हते. एकाशी तिने खातं मिटवलं होतं आणि दुसरा तिच्या ऋणात होता. ज्या धाग्यांनी धंदा विणला होता त्याच धाग्यांना धरून तो उसवला गेला.

1994 मध्ये आरोपपत्र येणार याचा सुगावा लागताच पिंगताई चीनला निघून गेली आणि शेंगमेईतल्या घरी राहिली. चीन आणि अमेरिकेत गुन्हेगार हस्तांतरणाचा करार नाही. गावाने तिला लपवावं लागतच नव्हतं, ती ज्या रस्त्याने जाई तो तिच्याच गिऱ्हाइकांच्या पैशाने बांधलेल्या चार-पाच मजली घरांमधून जात होता.

ती सापडली 17 एप्रिल 2000 रोजी, हाँगकाँगच्या विमानतळावर. माग लागला तो मुलाच्या विमानप्रवासावरून. जवळ परक्या नावाचा बेलीझचा पासपोर्ट होता. सहा वर्षं इतक्या सावधपणे राहिलेली बाई मुलासाठी विमानतळावर आली. हाँगकाँगच्या गुन्हे शाखेच्या खोल्यांत आजही क्वान कुंगचं देवघर असतं, लालबुंद चेहऱ्याचा, लांब दाढीचा योद्धा, समोर उदबत्ती आणि फळं. शब्दाला जागणाऱ्या निष्ठेचा हा देव. ट्रायड टोळ्यांच्या अड्ड्यांवरही हाच देव असतो. एकाच निष्ठेची पूजा दोन्ही बाजूंना चालते, म्हणून ‘या लोकांची संस्कृतीच गुन्ह्याला पोषक’ हे वाक्य मला कधीच पटलेलं नाही. ती संस्कृती पकडणाऱ्याचीही होती.

कोर्टात

2003 मध्ये तिला अमेरिकेत आणलं. खटला 2005 च्या मे-जूनमध्ये मॅनहॅटनमध्ये चालला. तिच्या वकिलांनी साहजिकच साक्षीदारांच्या चारित्र्यावर बोट ठेवलं: खुनांची कबुली दिलेला माणूस स्वतःची शिक्षा कमी करून घेण्यासाठी बोलतो आहे. मुद्दा चुकीचा नव्हता. अशा साक्षीचा भाव देणाऱ्याला माहीत असतो आणि घेणाऱ्यालाही. पण त्या साक्षीला पैशांच्या वाटचालीचा आधार होता, आणि ज्युरीने तिला कटात सामील असणं, काळा पैसा पांढरा करणं आणि खंडणीच्या रकमेची उलाढाल या आरोपांत दोषी ठरवलं.

खंडणीची रक्कम. शेंगमेईत ज्याला भाडं म्हणत होते त्याला मॅनहॅटनच्या कोर्टाने हा शब्द दिला. दहा माणसं बुडाल्यावर आणि फोनवर किंकाळ्या ऐकल्यावर मला कोर्टाचाच शब्द जास्त खरा वाटतो. तरीही जी माणसं तो शब्द कधीच वापरणार नाहीत त्यांना खोटारडं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

16 मार्च 2006 रोजी न्यायाधीश मायकेल मुकेसी यांनी 35 वर्षांची शिक्षा दिली. त्याआधी पिंगताई तासभराहून अधिक बोलली. आपण कष्टाळू दुकानदार होतो, टोळ्यांनी आपल्यालाच लुटलं, आपण त्यांच्या भीतीखाली होतो, असा तिच्या बोलण्याचा सूर होता. त्यात शिक्षा कमी करून घेण्यापेक्षा वेगळी निकड दिसते. बोलणं न्यायाधीशांसमोर असलं तरी ते ईस्ट ब्रॉडवेसाठी होतं. तिथल्या आपल्या माणसांसमोर तिला तिचं तोंड परत हवं होतं.

24 एप्रिल 2014 रोजी टेक्ससमधल्या तुरुंगाच्या रुग्णालयात कर्करोगाने तिचा मृत्यू झाला. महिन्याभराने चायनाटाउनमध्ये अंत्ययात्रा निघाली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक उभे होते. त्यांतले कितीतरी तिनेच आणलेले.

आणि जहाजावरचे

वाचलेल्यांपैकी पुष्कळांना पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क इथल्या तुरुंगात ठेवलं गेलं. गुन्हा सिद्ध झाला म्हणून नव्हे, आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत. काहींना परत पाठवलं. उरलेले जवळजवळ चार वर्षं आत होते. तिथे वेळ घालवायला ते कागद घडी करायला लागले. मासिकांची पानं, वहीचे कागद, टॉयलेट पेपर कालवून केलेला लगदा. पानाच्या बोटभर त्रिकोणी घड्या करायच्या, एकीत एक अडकवायच्या, शेकडो त्रिकोण जोडत गेलं की अननस होतो, मनोरा होतो, पंख पसरलेला गरुड होतो. बाहेरचे गावकरी आणि वकील या वस्तू विकून खटल्यांसाठी पैसे उभे करत. ज्या गावात यांचं कुणी नव्हतं, एकही नातं नव्हतं, तिथल्या चर्चमधले लोक दर रविवारी तुरुंगाबाहेर उभे राहून यांच्यासाठी प्रार्थना करत राहिले. ग्वानशीच्या कुठल्याही वर्तुळात न बसणारी ही माणसं.

26 फेब्रुवारी 1997 रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने राहिलेल्या पन्नासेक जणांना सोडलं. पण सोडलं ते तात्पुरत्या मुभेवर, नागरिकत्वाकडे जाणारा कागद न देता. ते देशभर पांगले, चिनी हॉटेलांत कामाला लागले, काहींनी स्वतःची हॉटेलं काढली. भावकीकडून घेतलेले तीस हजार फेडायला बहुतेकांना तिथून पुढे आणखी काही वर्षं लागली, आणि ते पैसे गावी पोचवायला त्यांना अर्थातच कुणीतरी लागत होतं, ज्याच्या गल्ल्यावर रोख ठेवून आईचं नाव आणि गाव सांगितलं की पुरे.